सत्तावीसचं तेवीस

लॉचा एव्हिडन्सचा, म्हणजे पुरावा कायद्याचा, पेपर पहिल्या खेपेला तीन मार्कांनी गेला. एटीकेटीचा फॉर्म भरेपर्यंत 1 जुलै 2024 उलटून गेला होता आणि 1872 च्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला होता. रिपीटरनं अभ्यास कशाचा करायचा?

एवढंच विचारायला परीक्षा विभागाच्या खिडकीशी गेले. "नोटीस लागेल." आठवड्यानं पुन्हा गेले, तर "मॅडम, वरून आलं की लावू." तिसऱ्या वेळी अर्ज द्यायला सांगितलं. दिला. अर्जात विषयाचं नाव जुनं लिहिलं म्हणून परत. नवं लिहिलं, तर "तुमच्या हॉल तिकिटावर हे नाव नाहीये." अहो, तेच तर विचारतेय! शेवटी दोन्ही नावं लिहिली, तेव्हा कुठे झेरॉक्सवर आवक शिक्का पडला. शिक्का अस्सल, कागद झेरॉक्स. हा पुरावा प्राथमिक (मूळ कागद) की दुय्यम (नक्कल), यावर घरी येईपर्यंत डोकं चाललं. तो पाऊण महिना मी दोन्ही कायदे समोर ठेवून बसले. नोटीस लागली ती पेपरच्या नऊ दिवस आधी: नवा कायदा.

मजकूर बराचसा तोच आहे, घोळ आकड्यांचा. 65बी म्हटलं की झोपेतही इलेक्ट्रॉनिक पुरावा आठवायचा. आता ते कलम 63, आणि जुनं 63 होतं दुय्यम पुराव्याचं. जुन्या 26 मध्ये पोलिस कोठडीतला कबुलीजबाब, नव्या 26 मध्ये मृत्युपूर्व जबानी. सगळ्यात छळलं 27 नं. आरोपीनं दिलेल्या माहितीवरून वस्तू सापडली तर तेवढाच भाग पुराव्यात येतो, हे कलम मला नव्या बेअर अ‍ॅक्टमध्ये (कायद्याच्या नुसत्या मूळ मजकुराच्या पुस्तकात) सापडेचना. 27 उघडलं तर तिथे जुनं 33! अखेर ते कलम 23 च्या शेवटी परंतुक (‘परंतु’नं जोडलेला अपवाद) होऊन बसलेलं दिसलं.

म्हणून सांगते, जुन्या-नव्या कलमांचा तक्ता छापील घेऊ नका, हातानं करा. आणि हो, 63 लिहिताना इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्राचे अ आणि ब असे दोन भाग, हॅश व्हॅल्यू (फाइलचा डिजिटल ठसा) हे लिहाच. अर्जुन खोतकर खटला (2020) आपल्या जालन्याच्या निवडणुकीचा, त्यामुळे लक्षात राहतो: प्रमाणपत्र अनिवार्य, पण मागूनही अधिकारी देत नसतील तर कोर्टाकडून मागवता येतं. खिडकीवरून हात हलवत परतल्यामुळे हा भाग मला पाठ करावाच लागला नाही. कलम 170 ही वाचा. 1 जुलैला प्रलंबित असलेले खटले जुन्याच कायद्यानं चालतात, त्यामुळे जुने आकडे विसरायचीही सोय नाही.

पेपरात डिस्कव्हरी, म्हणजे तेच वस्तू सापडण्याचं कलम, आलीच. 23 लिहिलं, शेजारी कंसात जुनं 27, आणि त्यावरचा गाजलेला खटला, पुलुकुरी कोट्टय्या.

सुटले. मार्कशीटवर विषयाचं नाव मात्र 1872 च्याच कायद्याचं आहे. दुरुस्तीसाठी अर्ज द्या म्हणाले. मी मार्कशीट पिशवीत घातली आणि जिना उतरले.