रविवारीही दुखणारं पोट

अमळनेर-पारोळ्याकडच्या कापसाच्या गावातला पाचवीचा मुलगा. रोज सकाळी बेंबीभोवती पोट धरून बसायचा, पोळ्यापासून शाळा जवळजवळ बंदच. (ओळख पटू नये म्हणून घरातले काही तपशील बदलले आहेत.) आई त्याला समुपदेशन कक्षात घेऊन आली, तेव्हा पिशवीत सोनोग्राफी, रक्त-लघवीचे रिपोर्ट, जंतांच्या आणि ॲसिडिटीच्या गोळ्या होत्या. सोनोग्राफीत पोटात लहान गाठी दिसल्याचं लिहिलेलं. अशा छोट्या लसिका ग्रंथी निरोगी मुलांमध्येही दिसतात, पण तो कागद हातात पडला की घर हादरतं आणि औषधांची फेरी सुरू होते.

बालरोगतज्ज्ञांनी धोक्याच्या खुणा आधीच पाहिल्या होत्या. दुखण्याने झोपेतून जाग येणं, वजन घटणं, शौचातून रक्त, सारखा ताप किंवा उलट्या, बेंबीपासून दूर एकाच जागी दुखणं, यातलं काही नव्हतं. घरी उताराही टाकून झाला होता. त्यावर मी वाद घालत नाही. वाद घातला की पुढच्या वेळी आई येत नाही.

आईला पहिली गोष्ट सांगितली ती ही की, दुखणं खरं आहे. काळजीने आतड्याची हालचाल बदलते, तिथल्या नसा नाजूक होतात आणि एरवी जाणवणार नाही तेही दुखतं. ‘नाटकं करतो’ म्हटलं की मूल दुखणं सिद्ध करायच्या मागे लागतं.

मग एक वही दिली. वेळ, दुखणं शून्य ते दहापैकी किती, त्याआधी काय झालं, घरात कोण होतं, कशाने थांबलं, एवढे रकाने. आईने पंधरा दिवस नेटाने भरली. शाळेची भीती असती तर रविवारी पोट शांत राहायला हवं होतं. पण रविवारीही दुखलं होतं, वडील एकटे शेतात निघाले तेव्हा. आणि काका मुक्कामाला होते ते तीन दिवस, शाळेचे वार असूनही, रकान्यात शून्य. ‘घरात कोण होतं’ हा रकाना बहुतेक जण ठेवत नाहीत. या केसमध्ये सगळं त्यातच होतं.

मुलाशी अहिराणीतच बोलले. शाळेच्या मराठीत तो हो-नाहीच्या पुढे जात नव्हता. ‘भीती वाटते का’ असं विचारलं नाही. उठल्यापासून काय काय करतोस ते सांग म्हटलं.

“उठस, तोंड धोस, मंग खयामा जास, बाटल्या मोजस.”

बाटल्या फवारणीच्या औषधाच्या. बोंडअळीने पीक गेलं तेव्हा वडील एका रात्री बाटली घेऊन खळ्यात बसलेले त्याने पाहिले होते. आईने बाटली हिसकावली आणि ‘काही झालं नाही, झोप’ म्हणून त्याला आत पाठवलं. तेव्हापासून पहारा त्याच्याकडे. “मी शायमा गऊ ते आबाले कोन देखी?” म्हणजे, मी शाळेत गेलो तर वडिलांकडे कोण बघेल?

त्याच दिवशी वडिलांना बोलावून घेतलं. आडून विचारण्यात अर्थ नसतो. जीव द्यावासं वाटतं का, कसा द्यायचं ठरवलंय, ते साधन जवळ आहे का, याआधी प्रयत्न केला होता का, हे सरळ विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. बहुतेकांना कुणीतरी विचारल्याचं बरंच वाटतं. ते बराच वेळ पायाकडे बघत राहिले आणि मग सगळं बोलले. पोलीस केसच्या धाकाने घरात कुणी तोंड उघडलं नव्हतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस, उलट सिद्ध होत नाही तोवर, तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरतात आणि त्याला शिक्षा होत नाही, हे ऐकल्यावर आईचा धीर वाढला. मनोविकारतज्ज्ञांनी नैराश्याचं औषध सुरू केलं. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून एका वेळी आठवड्याच्याच गोळ्या, आणि त्याही आईच्या ताब्यात. रात्री-अपरात्रीसाठी टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर घरातल्या सगळ्या मोबाइलमध्ये टाकून दिला.

बाटल्या काकांनी आपल्या गावी नेऊन कुलपात ठेवल्या. लपवणं पुरत नाही, घरातल्या माणसाला जागा सापडतेच. नाल्यात किंवा विहिरीत ओतायच्या नाहीत, कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर कधीच काढायच्या नाहीत. नेताना मुलाला मुद्दाम समोर उभं केलं आणि वडिलांनीच त्याला सांगितलं: “मी आजारी आहे, औषध चालू आहे. माझ्यावर लक्ष ठेवायचं काम आता काकाचं आणि डॉक्टरांचं. तुझं नाही.” हे वाक्य आम्ही आधी बसून ठरवलं होतं. ‘सगळं ठीक आहे’ असं म्हटलं असतं तर पोरगा पुन्हा मोजायला गेला असता.

शाळा एकदम पूर्ण नाही. पहिला आठवडा खिचडीच्या सुट्टीपर्यंत, मग एकेक तास वाढवत. पोट दुखलं तर बाईंनी घरी पाठवायचं नाही. दहा मिनिटं बसायचं, पाणी प्यायचं, पोटावर हात ठेवून सावकाश श्वास सोडायचा आणि वर्गात परत. घरी पाठवलं की दुखणं दुसऱ्या दिवशी लवकर येतं. काकाला फोन सुट्टीत एकदाच, ठरलेल्या वेळी. मागेल तेव्हा लावून दिला तर घटकाभर बरं वाटतं आणि शंका दुप्पट होऊन परत येते. पुढे तो फोनही दिवसाआड केला.

कर्ज समुपदेशनाने फिटत नाही. बँक, सोसायटी, हातउसने, कृषी केंद्राची उधारी अशी यादी मात्र वडिलांनी आईसमोर पहिल्यांदाच लिहून काढली.

दिवाळीत काका घरी नव्हते तेव्हा पोट पुन्हा दोन दिवस दुखलं. आईने वहीत लिहिलं आणि तिसऱ्या दिवशी त्याला शाळेच्या वेळेला उठवलं, तेव्हा शाळेला सुट्टी असल्याचं त्यानेच तिला सांगितलं. पुढच्या हंगामासाठी ठरलंय ते असं: फवारणीचं औषध साठवायचं नाही, लागेल तेवढंच फवारणीच्या दिवशी काका आणतील, उरलेलं संध्याकाळी त्यांच्यासोबत परत जाईल.