हे कशाचं आहे?

दात काढलेल्या जागी भरायचा कोलॅजनचा, म्हणजे कातडी-हाडांतल्या धाग्यासारख्या प्रथिनाचा, स्पंज विकायला निघालो तेव्हा मी आयात केलेल्या मालाचा साधा वितरक होतो. पहिले प्रश्न दर्जाचे नि दराचे येतील म्हणून सगळे अहवाल बॅगेत घेऊन फिरायचो. पुण्यातल्या एका दंतवैद्यांनी पाकीट उलटसुलट करून एवढंच विचारलं, "हे कशाचं आहे?" गुराच्या कातडीचं, मी म्हटलं. "आणि पेशंटनं विचारलं तर मी काय सांगू?" पाकीट परत माझ्या हातात.

मी मूळचा बायोकेमिस्ट्रीचा. दात काढल्यावर उरलेल्या खड्ड्यात कोलॅजनचा स्पंज का भरतात, ते मला ठाऊक होतं. हाडातला खनिजांचा भाग सोडला, तर उरलेल्या सेंद्रिय भागात सुमारे 90 टक्के कोलॅजनच असतं. स्पंज रक्ताची गाठ धरून ठेवतो, पेशी त्याच्या तंतूंवर चढतात. मांडवावर वेल चढावा तसं, फक्त इथे वेल धरला की मांडव आपोआप विरून जातो. कोलॅजनची तिपेडी वेणीसारखी रचना 1954 साली मद्रासमध्ये रामचंद्रन आणि कार्था या शास्त्रज्ञांनी मांडली, ती कांगारूच्या शेपटीतल्या स्नायुबंधावर काम करून. त्यांना कुणी विचारलं असतं, हे कशाचं आहे, तर?

मासा डोक्यात आला भिगवणला जेवताना. हॉटेलामागे खवल्यांचा ढीग पडला होता. खवलं म्हणजे हाडाचं धाकटं भावंडच, कोलॅजन आणि तेच कॅल्शियमचं खनिज. शिवाय कॉडसारख्या थंड पाण्यातल्या माशाचं कोलॅजन 15-16 अंशांनाच उसवतं. आपल्या उजनीतली चिलापी उबदार पाण्यातली, तिचं 35 च्या आसपास तग धरतं. शरीराच्या तापमानाला तेही थोडं कमीच पडतं, म्हणून तंतू एकमेकांना रासायनिक टाके घालून बांधावे लागतात.

भोसरीत गाळा घेतला. खवले धुवायचे, सौम्य आम्लात खनिज काढायचं, मग 4 अंशांवर अॅसिटिक आम्ल आणि पेप्सिन या पाचक एन्झाइममध्ये दिवसचे दिवस ढवळायचं, गाळून शुद्ध करायचं, साच्यात ओतून फ्रीज ड्रायरमध्ये वाळवायचं. लिहायला दोन ओळी लागल्या. शेजारच्या गाळेवाल्यानं वासापायी आमच्याशी बोलणं टाकलं, ते पुढे मासळीवाल्या मावशींनी खवले बाजारातच धुऊन द्यायला सुरुवात केली तेव्हा कुठे पूर्ववत झालं.

पहिली मोठी बॅच मीच घालवली. ड्रायर बंद पडला होता, ऑर्डर तोंडावर आली होती. ओले स्पंज 60 अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवले. सकाळी ट्रेमध्ये आकसलेले, पिवळट, चिकट तुकडे होते. कोलॅजनचं जिलेटिन झालं होतं. बायको हिशेब बघते. ती काहीच बोलली नाही, ते जास्त लागलं.

दुसरा धडा त्या रासायनिक टाक्यांचा. स्वस्त पडतं म्हणून ग्लुटराल्डिहाइड नावाचं रसायन वापरलं. त्याचा अंश स्पंजात उरला आणि प्रयोगशाळेच्या चाचणीत पेशी मेल्या. धुण्याच्या फेऱ्या वाढवूनही भागेना, तेव्हा कार्बोडायइमाइड या दुसऱ्या रसायनावर गेलो. ते महाग आहे, पण स्वतः तंतूत राहत नाही आणि उपपदार्थ पाण्यानं निघून जातो.

परवान्याचं थोडक्यात सांगतो. 1 जानेवारी 2018 पासून वैद्यकीय उपकरणांचे नवे नियम लागू झाले. प्राण्याच्या ऊतीपासून केलेली आणि शरीरात विरघळणारी वस्तू त्यात सर्वांत जोखमीच्या डी वर्गात मोडते. परवाना दिल्लीचा. आमच्या कचेरीत आज यंत्रांपेक्षा फायलींनी जास्त जागा अडवली आहे, आणि माझी त्याबद्दल तक्रार नाही. जबड्यात जाणारी वस्तू आहे.

फोन मात्र भलतेच येतात. "गुडघ्यासाठी कोलॅजन पावडर आहे का?" नाही. पोटात गेलेलं कोलॅजन इतर प्रथिनांसारखंच पचतं. ते थेट गुडघ्यात जाऊन बसत नाही.

मासा आणला म्हणून प्रश्न मिटला, असंही नाही. माशाची अॅलर्जी असलेल्यांना आमचा स्पंज चालत नाही. पाकिटावर पहिली ओळ तीच छापतो. मध्यंतरी एका डॉक्टरबाईंचा फोन आला. खुर्चीत एक माळकरी आजोबा बसले होते, आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला होता. माशाचं, असं बाईंनी सांगितलं. "मग नको गं पोरी," म्हणाले. बाईंनी नुसते टाके घातले. पंधरा दिवसांनी त्यांनी स्वतःहून कळवलं, आजोबांची जखम छान भरली.