नानांचा बँकर

नानांनी आयुष्यात पहिल्यांदा तिकीट काढून रेल्वेने प्रवास केला तो जर्मनीत, वयाच्या ६६व्या वर्षी.

आमच्या भुसावळात रेल्वेवाल्याच्या घरी तिकीट नसतं, पास असतो. आजोबा लोको शेडला फिटर, नाना ड्रायव्हर. हल्ली लोको पायलट म्हणतात, पण नानांना तो शब्द अजून तोंडात बसत नाही. पायलट म्हटलं की मला टोपी घालून विमानात बसल्यासारखं वाटतं, म्हणतात. तर २०२२च्या जूनमध्ये आई-नाना आमच्याकडे स्टुटगार्टला आले आणि नेमकी त्याच महिन्यात तिकडच्या सरकारने ९ युरोच्या तिकिटाची योजना सुरू केली. जून, जुलै, ऑगस्ट असे तीनच महिने. महिन्याला ९ युरो भरायचे आणि देशभरातल्या सगळ्या पॅसेंजर गाड्या, बस, ट्राम, मेट्रो यांत हवं तितकं फिरायचं. फक्त आयसीईसारख्या लांब पल्ल्याच्या सुपरफास्ट गाड्यांना ते चालायचं नाही. तेव्हाच्या भावाने सातशे-सव्वासातशे रुपये झाले.

मशीनमधून तिकीट निघालं की त्यावर आपलं नाव लिहावं लागे. नानांनी खिशातून पेन काढलं, चष्मा लावला आणि ड्यूटी रजिस्टरमध्ये सही करतात तसं सावकाश, पूर्ण नाव लिहिलं. मग तिकीट उलटसुलट करून पाहिलं. "सातशे रुपयांत महिनाभर अख्खा देश? यांना परवडतं कसं?" हा प्रश्न त्यांनी पुढचे तीन महिने दर शनिवारी विचारला.

खरं तर आमची फिरायची पद्धत तोवर ठरून गेली होती. सकाळी आठच्या आत घर सोडायचं, रात्रीचं जेवण घरी, हॉटेलात मुक्काम नाही. धाकटा चार वर्षांचा, थोरली ओवी सात. त्यांना घेऊन मुक्काम म्हणजे लग्नाचं बिऱ्हाड हलवणं. त्यामुळे दीड-दोन तासांच्या अंतरातलं एकेक गाव निवडायचो. हायडेलबर्ग, ट्युबिंगेन, लुडविग्सबुर्गचा राजवाडा, एकदा कोन्स्टान्सचं सरोवर. फोटो आहेत सगळ्यांचे, आणि सगळ्या फोटोंत माझ्या खांद्याला तीच निळी पिशवी आहे.

त्या पिशवीत आई आल्यापासून दशम्या असत. आईने येताना ज्वारीचं पीठ, तिळाची चटणी आणि बिबड्या आणल्या होत्या. कपडे कमी, हेच जास्त. रविवारी तिकडे दुकानं कडेकोट बंद असतात, त्यामुळे दशम्यांनी आम्हाला खरंच तारलं. भरिताचा मात्र पार विचका झाला. तुर्की दुकानातली मोठी वांगी आणून ओव्हनमध्ये भाजली. काट्यांच्या जाळाचा वास नाही, साल करपलेली नाही, पांढरट लगदा निघाला. नाना एक घास खाऊन म्हणाले, "वांग्याला ताप आलाय."

केळ्यांचंही तसंच. सुपरमार्केटात केळ्याच्या घडावर इक्वाडोरचा स्टिकर बघून ते बराच वेळ उभे राहिले. रावेर-सावद्याचा माल बघत मोठा झालेला माणूस. त्यांनी एक केळं हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला आणि जागेवर ठेवून दिलं. घरी केळी आणली तरी त्यांनी खाल्ली नाहीत.

आईच्या तक्रारी वेगळ्या. स्टेशनवर लघवीला जायचा एक युरो. "ऐंशी रुपये!" प्रत्येक वेळी. शेवटी ती सकाळपासून पाणीच कमी प्यायला लागली, तेव्हा मी सुट्ट्या नाण्यांचा बटवा तिच्याच हातात दिला. मग ती घासाघीस करता येते का बघायची, पण समोर माणूसच नसायचा, लोखंडी फिरतं दार फक्त.

आणि उकाडा. जुलैत पारा ३५च्या वर गेला आणि भुसावळचे नाना, जे ४६ डिग्रीत इंजिनात बसून नांदगाव-मनमाड करायचे, ते घरात ओला पंचा डोक्याला बांधून बसले. कारण तिकडच्या घरात पंखाच नसतो. छताला हूकसुद्धा नाही.

पण मला सांगायचंय ते गाइसलिंगेनचं.

नानांना स्थळं बघण्यात रस नव्हता हे मला तिसऱ्या ट्रिपला कळलं. हायडेलबर्गचा किल्ला त्यांनी पाच मिनिटांत उरकला आणि खाली नदीकाठाने जाणारी मालगाडी मात्र शेवटच्या डब्यापर्यंत मोजली. गाडीत ते कायम खिडकीशी. मास्क सक्तीचा होता, तो नाकावर सरळ करत करत एकेक गोष्ट टिपायचे. इथे दुहेरी मार्गावर गाड्या उजवीकडून चालतात, आपल्याकडे डावीकडून. वरच्या तारेत पंधरा हजार व्होल्ट, आपल्याकडे पंचवीस हजार. रूळ अरुंद, चार फूट साडेआठ इंच. आपले साडेपाच फूट. स्टुटगार्टचं स्टेशन तेव्हा खोदून ठेवलेलं होतं, जमिनीखाली नवं स्टेशन बांधायचं काम २०१० पासून चाललं होतं. त्यामुळे फलाटापर्यंत जायला लांबच लांब तात्पुरता पूल. आम्ही सगळे वैतागायचो, नाना पुलाच्या जाळीतून खाली बघत रेंगाळायचे.

त्या शनिवारी आम्ही उल्मला निघालो होतो. उल्मच्या मोठ्या चर्चचा मनोरा १६१ मीटरचा, तेव्हा जगातला सगळ्यात उंच चर्चमनोरा. १३७७ साली पाया घातला आणि १८९० साली पुरा झाला. मी ओवीला मनोऱ्याच्या ७६८ पायऱ्यांचं आमिष दाखवलं होतं. गाडी निघून तासभर झाला असेल. गाइसलिंगेन आलं आणि नाना एकदम उठून उभे राहिले.

फलाटाच्या पलीकडच्या रुळावर एक एकटं लाल इंजिन उभं होतं. मागे डबा नाही, पुढे डबा नाही.

"बँकर!" नाना म्हणाले. "उतरा."

"नाना, उल्म अजून पुढे आहे."

"उतरा म्हणतो ना."

दार बंद व्हायच्या आत आम्ही सहा माणसं, एक बाबागाडी आणि निळी पिशवी असे फलाटावर. नवरा माझ्याकडे बघतोय, मी आईकडे, आई फलाटावरच्या रिकाम्या बाकाकडे. आई माहेरची अमळनेरची. वैतागली की अहिराणीवर येते. म्हणाली, "आठे देखासारखं काय शे?"

काय शे ते नानांनी सांगितलं. नोकरीतली तीन वर्षं ते इगतपुरीला होते, कसारा घाटात बँकरवर. मुंबईहून येणारी गाडी कसाऱ्याला थांबते, मागून आणखी इंजिनं लागतात आणि ती गाडीला ढकलत इगतपुरीपर्यंत चढवतात. चढ एकास सदतीस. म्हणजे ३७ फूट पुढे जायचं तर एक फूट वर चढायचं. हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय, पाढ्यांसारखं. पण त्या दिवशी ते म्हणाले ते पहिल्यांदा ऐकलं. "बँकरवाल्याला पुढचं काही दिसत नाही. समोर नुसती डब्याची पाठ. पुढचा कधी सोडतो, कधी ओढतो, हे अंगाला कळलं पाहिजे."

मी मोबाईलवर शोधलं. हा गाइसलिंगेनचा घाट १८५० साली सुरू झाला. साडेपाच किलोमीटरांत ११२ मीटर चढायचं, चढ एकास साडेचव्वेचाळीस. आपल्याकडे बोरीबंदर-ठाणे पहिली गाडी सुटली १८५३ साली, तीन वर्षांनी. नाना नुसते "हं" म्हणाले. एकास साडेचव्वेचाळीस ऐकून मात्र त्यांचा चेहरा जरा खुलला. आपलाच घाट जास्त उभा.

मग आम्ही वाट बघितली. मुलांना दशम्या दिल्या. अर्धा तास, पाऊण तास. मध्ये एक आयसीई गेली, तीही याच घाटातून, वाकून वाकून, बैलगाडीच्या मागे अडकलेल्या मोटारीसारखी. (त्याच वर्षीच्या डिसेंबरात नवा फास्ट मार्ग सुरू झाला आणि बऱ्याचशा आयसीई तिकडे गेल्या. आम्ही पाहिली तेव्हा तिला घाटाशिवाय गत्यंतर नव्हतं.) इंजिनाचा ड्रायव्हर खिडकीतून हात बाहेर टाकून बसला होता. पन्नाशीचा, टक्कल पडलेला. नाना फलाटाच्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला. नमस्कार नाही, टाटा नाही. स्टेशनातून थ्रू जाताना ड्रायव्हर लोक एकमेकांना करतात तसा, कोपरातून सरळ. त्यानेही केला.

माझं जर्मन भाजी आणि डॉक्टर यापुरतं. तरी मी ओरडून सांगितलं, हे माझे वडील, भारतात हेच काम करायचे. डोंगरात. मागून ढकलायचे. "ढकलणे"चा शब्द आठवेना, म्हणून मी बाबागाडी ढकलून दाखवली. ड्रायव्हर हसला आणि त्याने काहीतरी विचारलं, त्यातला एकच शब्द कळला, प्रोमिले.

नाना म्हणाले, "वन इन थर्टी सेव्हन."

तो म्हणाला, साडेबावीस.

नाना म्हणाले, "नाही नाही, थर्टी सेव्हन."

तो बोटं दाखवत पुन्हा साडेबावीस. दोघंही आपापल्या आकड्यावर ठाम, मध्ये एक रुळांची जोडी. नवरा इंजिनिअर आहे, त्याच्या लक्षात आलं. इकडे चढ हजारात मोजतात, हजार मीटरला किती मीटर वर. त्याने ओवीला मोबाईलचा कॅल्क्युलेटर दिला. हजार भागिले ३७. ओवीने मोठ्याने वाचलं, "सत्तावीस पॉइंट झीरो टू सेव्हन." मग हजार भागिले साडेचव्वेचाळीस, साधारण साडेबावीस. नानांनी खिशातलं जूनचं ९ युरोचं तिकीट काढलं, त्याच्या मागे ओवीकडून मोठ्ठं २७ लिहून घेतलं आणि ते उंच धरून दाखवलं.

ड्रायव्हरने खिडकीबाहेर वाकून ते वाचलं. भुवया वर गेल्या. मग त्याने ओठ गोल करून लांब शीळ घातली.

नाना वळून आमच्याकडे आले तेव्हा इतके साळसूद होते की जणू काही झालंच नाही.

शेवटी मालगाडी आली. डबे कसले होते कोण जाणे, झाकलेले. बँकर हळूच हलला, मागून जाऊन टेकला. आवाजात फारसं काही बदललं नाही मला तरी. नानांनी डोळे मिटले होते. "घेतलं," म्हणाले. आणि खरंच, क्षणभराने सगळी गाडी सरकायला लागली. वर चढावर ती वळून झाडांत शिरेपर्यंत दिसत राहिली, सगळ्यात शेवटी ते लाल इंजिन.

"आता जायचं उल्मला?" मी विचारलं.

"तो खाली येऊ दे," नाना म्हणाले.

तो वर सोडून एकटा खाली येईपर्यंत आणखी वेळ गेला आणि उल्मचा त्या दिवसापुरता निकाल लागला. परतीची गाडी रद्द झाली. पुढची आली ती सायकली, कुत्रे आणि ९ युरोवाल्या आमच्यासारख्यांनी खचाखच भरलेली. दारापाशी तासभर उभ्याने आलो. गर्दीबद्दल नानांना काही वाटलं नाही, कुंभमेळ्याच्या स्पेशल गाड्या चालवलेला माणूस. पण रद्दचं त्यांना फार लागलं. "लेट चालवा. चार तास लेट चालवा. पण रद्द?" धाकटा त्यांच्या खांद्यावर झोपला होता, त्यामुळे ते हे सगळं कुजबुजत बोलत होते.

उल्म आम्ही दोन आठवड्यांनी केलं. नाना मनोऱ्याकडे मान वर करून बघून आले आणि बाकावर बसले. ओवीला तिथली चिमणीची गोष्ट फार आवडली. म्हणे उल्मच्या लोकांना एक लांबलचक तुळई गावाच्या वेशीतून आत न्यायची होती, ती आडवी धरल्यामुळे जाईना. तेवढ्यात घरट्यासाठी काडी नेणारी चिमणी दिसली, काडी उभी धरून भुर्रकन आत. तेव्हा कुठे यांच्या डोक्यात प्रकाश पडला. आईला नदी आवडली. डॅन्यूबच्या काठावर तिने चप्पल काढून नमस्कार केला आणि विचारलं, ही जाते कुठे? मी सांगितलं, दहा देशांतून जाते, २८५० किलोमीटर, पार काळ्या समुद्रापर्यंत. आई म्हणाली, "बाई गं. आपली तापी मुलताईहून निघाली की सुरतेला संपली पण." पण नमस्कार केला तो तापीला करते तसाच, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावून.

आम्ही आता जळगावला परत आलोय. नानांची तिन्ही तिकिटं त्यांच्या लाईन बॉक्समध्ये आहेत. ती काळी पत्र्याची पेटी, जी ड्यूटीवर जाताना इंजिनात चढायची आणि आता कॉटखाली असते. जूनच्या तिकिटामागचं ओवीचं २७ अजून स्पष्ट दिसतं, शाई जराशी पसरली आहे.

इथे रविवारी कुठे जायचं हा प्रश्न पडतोच. फरकांडे झालं, झुलते मनोरे बघून. पद्मालय झालं, पाटणादेवी झाली, उनपदेवचं गरम पाणी झालं. पाचोरा-जामनेरची छोटी गाडी, आमची पीजे, तिच्यात मुलांना बसवायचं राहूनच गेलं, ती बंद झाली. मागच्या आठवड्यात ओवी नानांना म्हणाली, तुमचा सत्तावीसवाला घाट मला कधी दाखवणार?

नानांनी लगेच वेळापत्रक काढलं. सकाळच्या गाडीने कल्याणपर्यंत जायचं, उतरायचं, वडापाव खायचा, लगेच परतीची गाडी. आई म्हणाली, जाऊन-येऊन अख्खा दिवस गाडीतच, मग बघायचं काय? नाना रिझर्व्हेशनच्या फॉर्मवर वाकलेले होते.

"जाताना कुठेही बसा," ते म्हणाले. "येताना मात्र शेवटचा डबा."