कळंबोलीचा सुका रस्ता

"मॅडम, रस्ता खडखडीत सुकलाय. ट्रेलर सोडू का?"

उपअभियंत्यांचं विचारणं रास्त होतं. पुराचं पाणी ओसरलेलं, गाळ धुतलेला, डांबरावर एक खड्डा नाही. पनवेलजवळच्या कळंबोलीच्या स्टील मार्केटबाहेर कॉइल, म्हणजे पोलादी पत्र्याची भेंडोळी, लादलेल्या ट्रेलरची रांग आणि तापलेले ट्रान्सपोर्टवाले.

मी म्हटलं, आधी यंत्र फिरू दे. गाडीमागे ओढायचं यंत्र आहे. ३०० मिलिमीटर व्यासाच्या तबकडीवर वजन आपटून ४० किलोन्यूटनचा दणका द्यायचा, म्हणजे प्रमाणित एक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) एका बाजूचा भार, साधारण चार टन. रस्ता किती दबला ते ओळीतले सेन्सर टिपतात. तबकडीखालचा सेन्सर सगळ्या थरांचं मिळून सांगतो, दीड मीटरवरचा मुख्यतः खालच्या मातीचं. पावसाळ्याआधीचे आकडे हाताशी होते (नशीब, एरवी नसतातच). दूरच्या सेन्सरचे आकडे जवळपास दुप्पट झालेले. डांबर शाबूत, खालची माती मऊ.

आकड्यांनी कुणाचं समाधान होत नाही, म्हणून कडेला जेसीबी लावला. पेव्हर ब्लॉक निघाले आणि खडीच्या थरातून चहाच्या रंगाचं पाणी वाहायला लागलं. खरं तर हा थर पाणी बाहेर काढायलाच घालतात. फूटपाथ करताना कुणीतरी त्याचं तोंड काँक्रीटनं बुजवलं होतं. खाली खाडीकाठची चिकणमाती, ती प्यालेलं पाणी सहजी सोडत नाही. अशा जमिनीवरून जड चाक गेलं की अडकलेल्या पाण्यावर दाब येतो, ते बारीक माती घेऊन भेगांतून उसळतं आणि खडीखाली पोकळी राहते. त्यात एक्सलचा भार दुप्पट झाला तर नुकसान साधारण सोळापट. कॉइलचे ट्रेलर किती भरतात, ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

२००५ मध्ये कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लीन्सच्या रस्त्यांवर हेच यंत्र फिरवलं होतं. बुडालेल्या डांबरी रस्त्यांची ताकद साधारण दोन इंच डांबर खरवडून काढल्याइतकी घटलेली निघाली. काँक्रीटच्या रस्त्यांना फारसं झालं नव्हतं. उपअभियंत्यांना हे सांगितलं, तर ते खड्ड्यातल्या पाण्याकडेच बघत राहिले. पटलं ते त्या पाण्यानं.

"मग आमचं हॉल्टिंग, गाड्या थांबल्याचे पैसे, कोण देणार?" एका ट्रान्सपोर्टवाल्या काकांनी विचारलं. याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, उपअभियंत्यांकडेही नव्हतं. तरी हलकी वाहनं सोडली, ट्रेलर वळवले आणि पाणी निघायला कडेनं चर खणले.

पुढे पुन्हा मोजलं तेव्हा बहुतेक ठिकाणी आकडे खाली आले होते. फक्त वजनकाट्यासमोरच्या पट्ट्यातले उतरले नाहीत. तिथे रात्री बॅरिकेड सरकवून ट्रेलर घातले गेले होते. चाकांच्या ओळीत आता जाळीदार भेगा आहेत आणि तो तुकडा खालपासून उकरायचं अंदाजपत्रक मंजुरीला गेलंय.