आमची वाटचाल : दोन राऊटर आणि एक जोडीदार

२०११ मध्ये सांगलीला विश्रामबागेत मी आणि जोडीदारानं नेटवर्किंगच्या, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना जोडायच्या कामासाठी गाळा घेतला. भांडवल म्हणजे एक क्रिम्पिंग टूल (केबलच्या टोकाला प्लग दाबून बसवायचा चिमटा), एक टेस्टर आणि जोडीदाराची मोटरसायकल. ते टूल अजून आहे, मुठीवरचं रबर गेलंय. खंडेनवमीला पूजा त्याचीच होते. पहिली सात वर्षं बरी गेली.

मग डॉक्टरसाहेबांचं काम आलं. खाली दवाखाना, वर घर, दोन राऊटर. खालच्या कॉम्प्युटरचे पत्ते १९२.१६८.१ नं सुरू होणारे, वरच्यांचे १९२.१६८.२ नं. वरच्या राऊटरची वॅन (बाहेरून इंटरनेट घ्यायचं तोंड) खालच्याच्या लॅनमध्ये (आतले कॉम्प्युटर जोडायचं तोंड), पत्ता १९२.१६८.१.२ पक्का. वरून खालचं सगळं दिसायचं, पण एक्स-रेचे फोटो वरच्या मशीनवर आणि खालून ते उघडेनात. मी गावाला होतो, म्हणून जोडीदार गेला. त्यानं वरचं नॅट (आतले सगळे पत्ते राऊटरच्या एका पत्त्यामागे झाकणारी सोय) बंद केलं, इथवर बरोबर. पण स्टॅटिक रूट (कुठल्या पत्त्यांकडे कुठून जायचं ती हातानं लिहिलेली वाट) टाकला वरच्याच राऊटरमध्ये! अरे, वरच्याला खालचं घर माहीतच असतं. परतीची वाट खालच्याला सांगायची असते. वरचं इंटरनेटही गेलं. मग घाईत त्यानं केबल वॅनमधून काढून लॅनमध्ये खोचली, वरच्याचं डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटणारी सोय) तसंच चालू ठेवून. सोमवारी सकाळी दवाखान्यातले निम्मे कॉम्प्युटर वरचे, १९२.१६८.२ चे पत्ते घेऊन बसलेले, बाहेर पेशंटची रांग.

साहेबांना त्यानं माझ्यावर ढकलून सांगितलं, "सेटिंग यांचं होतं." पंधरा दिवसांत समोरच त्याची पाटी लागली. आमच्या चार सोसायट्या त्यानं कमी दरात उचलल्या. माझं तीन महिन्यांचं भाडं थकलं, बायकोची पाटली गहाण पडली. त्याचा दर कमी का, ते केबल कापली की कळतं. टोक ब्लेडनं खरवडा, आत पांढरं निघालं तर अ‍ॅल्युमिनियम, वर नुसता तांब्याचा मुलामा. घर बांधत असाल तर भिंत बुजवण्याआधी एवढं बघाच.

साहेबांचाच फोन आला, "अहो, तुम्ही स्वतः या." केबल परत वॅनमध्ये लावली. खालच्या राऊटरमध्ये रूट टाकला : १९२.१६८.२.०, मास्क २५५.२५५.२५५.० (म्हणजे .२ चे सगळे पत्ते), गेटवे म्हणजे जायचं दार १९२.१६८.१.२, वरचा राऊटर. वरच्याच्या फायरवॉलमध्ये (नको ती ये-जा अडवणारी चौकी) खालच्यांना वाट दिली. पिंग (पोचतंय का ते बघायची हाक) आला, तरी फोल्डर उघडेना. विंडोजची फायरवॉल दुसऱ्या सबनेटवाल्याला (पत्त्यांच्या दुसऱ्या गटातल्याला) परकाच समजते, तिथंही खालचा सबनेट घातला. मग कंपाउंडरनं पहिला एक्स-रे उघडला, कुणाचातरी गुडघा. साहेबांनी वर्षाचे मेंटेनन्सचे पैसे तिथंच आगाऊ दिले. गाळा वाचला तो त्या पैशांवर.

गेल्या वर्षी त्यांनी फायबर घेतलं. कंपनीच्या डब्यात स्टॅटिक रूटचं पानच उघडत नाही, म्हणून त्याच्यामागे आमचा राऊटर लावून रूट त्यात टाकला. त्यावर चिठ्ठी चिकटवलीय : "रूट काढू नये. आधी आम्हाला फोन करा."