व्हीआरमध्ये चालायला शिकलो ते कूलरच्या भरवशावर

मे महिन्यात जळगावला दुपारी बाहेर पाय टाकायची सोय नाही, म्हणून मित्राकडून सेकंडहँड क्वेस्ट २, म्हणजे डोळ्यांवर बांधायचा व्हीआर (आभासी जगाचा) हेडसेट घेतला, म्हटलं घरातच हिंडू. पहिल्याच दिवशी शहाणपणा केला, डायरेक्ट हातातल्या कंट्रोलरच्या स्टिकने, उभ्याउभ्या चालायचं सेटिंग लावलं, आणि पाच मिनिटांत कपाळावर थंड घाम, तोंडाला पाणी, दुपारचे मांडे आणि आमरस वर येतो की काय! संध्याकाळपर्यंत आडवा. आई म्हणे ऊन लागलं, तळपायाला कांदा चोळ.

ऊन नव्हतं ते. कन्नड घाटात एसटी लागते ना, तेच पण उलटं. तिथे अंग हलतं आणि डोळे पुढच्या सीटवर असतात, इथे डोळ्यांना वाटतं आपण चाललो आणि कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो अरे तू तर उभाच आहेस. त्यात आधीच्या मालकाने हेडसेटच्या दोन लेन्समधलं अंतर ५८ मिलिमीटरवर ठेवलेलं, माझ्या बाहुल्यांमधलं अंतर चष्मेवाल्याने मोजलं तर ६४ मिलिमीटर, मग लेन्स मधल्या खाचेवर, ६३ वर आणल्या.

मग टेलिपोर्ट. कंट्रोलर रोखायचा, जमिनीवर गोल दिसतो, सोडलं की तिथे. मळमळ अजिबात नाही, पण बेडकासारखं वाटतं आणि दोन उड्यांनंतर आपण आलो कुठून तेच कळत नाही. काही गेममध्ये हात हलवले की चालतं, बरं वाटलं, पण या उकाड्यात कोण करणार भो.

खरा फरक पडला तो वळण्याने. सलग वळणं बंद करून एकदम ४५ अंश वळायचं सेटिंग लावलं, आणि चालताना कडा काळ्या होण्याचं सेटिंग फुल केलं, कारण हलल्याचा भास जास्त करून डोळ्याच्या कडेनेच होतो. रोज दहा मिनिटं, पोटात जराही ढवळलं की लगेच काढून ठेवायचं, जोर करून बसलं की दुसऱ्या दिवशीही त्रास होतो.

पलंग सरकवून दोन बाय दोन मीटर जागा केली, कूलर बरोबर समोर. वारा तोंडावर म्हणजे पुढची बाजू, आणि मळमळही कमी. आता स्टिकने अर्धा तास आरामात चालतो.

परवा मध्येच लाइट गेली, कूलर बंद, हेडसेट बॅटरीवर चालूच. मी आपला किल्ल्यात सरळ चाललेलो, आणि मागून आई, "काय करी ऱ्हायना रे, कपाटाशी काय बोलतो?"