देवगड ते पुणे, व्हाया उद्यमनगर : पिकअपचा डायनामो निवडताना

एप्रिल २०२३. रात्री दहाला देवगडहून निघालो तेव्हा मागे हापूसच्या ऐंशी पेट्या होत्या आणि सकाळी पुण्याच्या मार्केट यार्डात पोचायचा बेत होता. चक्रावर दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ. रस्ता नेहमीचा : नांदगाव, फोंडाघाट, दाजीपूर, राधानगरी, कोल्हापूर आणि पुढे हायवे.

फोंडा घाट अर्ध्याहून जास्त चढलो असू. दादा म्हणाला, "रे, बत्ती पिवळी पडली बघ." मला आधी वाटलं धुकं असेल. मग मीटरमधला बॅटरीचा लाल दिवा दिसला. तो कधी लागला होता कोण जाणे, आम्ही गाण्यांत रमलो होतो. गाणी बंद केली, पंखा बंद केला, मोबाईलचे चार्जर काढले. तरी पिवळं ते पिवळंच. वर दाजीपूरच्या अभयारण्यातून जाणारा रस्ता, रात्री गवे मधोमध उभे असतात. काळा गवा काळ्या रस्त्यावर चांगल्या दिव्यातसुद्धा उशिरा दिसतो. नशिबाने पुढे एक ट्रक होता. त्याच्या मागच्या दिव्यांचा माग धरून रांगत वर आलो आणि एका बंद हॉटेलासमोर थांबलो.

थांबताना दादाने एक शहाणपणा केला. गाडी उताराकडे तोंड करून लावली, म्हणजे सकाळी सेल्फने उचललं नाही तर ढकलून बघता येईल. झोप कसली लागते. टॉर्च घेऊन बॉनेट उघडलं. डायनामो फिरवणारा पट्टा जागेवर होता, घट्ट होता. पण डायनामोच्या, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या, मागच्या बाजूला काळं, चिकट तेल ओघळलेलं होतं. ते बघून मला फेब्रुवारी आठवला. तेव्हाही चार्जिंग गेलं होतं आणि गावाकडच्या एका गॅरेजात कार्बन, म्हणजे डायनामोच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे ब्रश, बदलून घेतले होते. कार्बन बदलले, पण तेल आत कुठून येतं हे ना त्याने बघितलं ना मी विचारलं.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण सगळी गोम याच्यातच आहे. ब्रेकच्या सर्वोला, म्हणजे पायाच्या दाबाला जोर देणाऱ्या डब्याला, पोकळी लागते, म्हणजे व्हॅक्यूम. पेट्रोल इंजिन हवा आत ओढतं तेव्हा ती आपसूक मिळते. डिझेलमध्ये तशी मिळत नाही, म्हणून वेगळा पंप द्यावा लागतो. बऱ्याच डिझेल पिकअपमध्ये हा पंप डायनामोच्या पाठीवरच, त्याच्याच शाफ्टवर बसवलेला असतो. त्याला इंजिनचं तेल एका बारीक नळीने येतं आणि दुसऱ्या जाड नळीने परत जातं. मधलं सील गेलं की ते तेल डायनामोत शिरतं, कार्बन चिकट होतात आणि चार्जिंग बंद पडतं. म्हणजे तुम्ही दुकानात "डायनामो द्या" म्हणता, तेव्हा घाट उतरतानाचा ब्रेकही विकत घेत असता. काही गाड्यांत पंप वेगळा, इंजिनवर असतो. तुमच्या गाडीत कुठे आहे ते आज, गाडी दारात उभी असताना बघून ठेवा.

आमचा पट्टा शाबूत होता, पंप फिरत होता, म्हणून ब्रेक लागत होता. पट्टाच तुटला असता तर चार्जिंगबरोबर ब्रेकही दगडासारखा कडक झाला असता. काही गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर असतो, म्हणजे इंजिनही तापतं. तेव्हा लाल दिवा लागला की आधी पट्टा बघा. पट्टा नसेल तर घाटात एक मीटरही पुढे जाऊ नका.

पावणेसहाला उजाडलं. सेल्फने कण्हत का होईना उचललं. तिथून कोल्हापुरापर्यंत दिवे नाहीत, पंखा नाही, हॉर्नसुद्धा अगदी गरजेपुरता. कॉमन रेल (कॉम्प्युटरच्या हुकमाने डिझेल सोडणाऱ्या) इंजिनचा कॉम्प्युटर आणि बाकीची वायरिंग बॅटरीवर चालते, पण तेवढ्यावर चांगली बॅटरी दोनेक तास निघते. हेडलाइट लावले की हिशेब बिघडतो. आणि एकदा चालू झालेली गाडी मध्ये बंद करायची नाही. राधानगरीत चहाची फार इच्छा झाली होती. चहा मी उतरून आणला, गाडी गुरगुरत उभी राहिली.

कोल्हापुरात उद्यमनगरच्या बाजूला एक म्हातारे इलेक्ट्रिशियन भेटले. सगळे त्यांना मामा म्हणत होते, आम्हीही म्हणू लागलो. त्यांनी डायनामो उतरवला, खोलला आणि हातात दिला. कार्बन ज्यांवर घासतात त्या स्लिप रिंगला खाचा पडलेल्या, बेअरिंग खरखरत होतं, पंपाच्या आतल्या भिंतीवर ओरखडे. "कार्बन पुन्हा टाकतो म्हंटलास तर टाकीन," मामा म्हणाले, "पर म्हैन्यात परत येशील. आणि आंब्याच्या म्हैन्यात कोण येतंय?"

आता पर्याय. पहिला म्हणजे दुरुस्ती : रोटर (आतला फिरता भाग) चांगला असेल, पंप चांगला असेल तर बेअरिंग, कार्बन, कटआउट (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर), डायोडची प्लेट (एसी करंटचा डीसी करणारी) आणि मुख्य म्हणजे सील बदलून घेणं हा वाईट सौदा नाही. नव्याच्या तिसऱ्या हिश्शात काम होतं. आमचा पंपच गेला होता, तेव्हा ते बाद. दुसरा, भंगारातल्या गाडीचा काढलेला. तो किती चालला हे कुणालाच सांगता येत नाही, त्यामुळे पेट्या भरलेल्या गाडीला मी तो लावणार नाही. तिसरा, नवा.

नव्यातही गंमत झाली. पहिल्या दुकानात एक चकचकीत तुकडा दाखवला, आमच्यापेक्षा जास्त अँपिअरचा आणि स्वस्त. मी जवळजवळ पैसे काढले होते. मामांचा पोरगा बरोबर होता. त्याने डायनामो उलटा केला आणि मागची बाजू दाखवली : पंपच नव्हता. दुकानदार म्हणे, जुना पंप यावर चढवा. तो ओरखडे पडलेला पंप!

दुसऱ्या दुकानात मात्र आम्ही जुना डायनामो काउंटरवर ठेवून एकेक गोष्ट जुळवली. त्यावरचा पार्ट नंबर आधी. तो पुसला असेल तर गाडीचा चेसिस नंबर द्यावा, एकाच मॉडेलमध्ये वर्षानुसार डायनामो बदलतो. मग पुली : पट्ट्याच्या धारा मोजायच्या आणि पुलीचा व्यास बघायचा. आमची सहा धारांची होती, त्याने आधी काढलेली पाच धारांची. मग बोल्टच्या कानांमधलं अंतर, तेलाच्या दोन नळ्यांची आणि व्हॅक्यूमच्या पाइपची तोंडं कुठे आहेत ते, आणि शेवटी प्लग. जाड वायर बॅटरीकडे जाते, बारीक वायर मीटरमधल्या लाल दिव्याकडे, काहींना इंजिनचे फेरे (आरपीएम) दाखवण्यासाठी आणखी एक. ही दिव्याची वायर फालतू समजू नका. अनेक डायनामोंना सुरुवातीचा करंट त्या दिव्यातूनच मिळतो. चावी फिरवल्यावर दिवा लागलाच नाही, तर नवा डायनामोही झोपून राहू शकतो.

अँपिअरबद्दल दादाशी वाद झाला. त्याला मोठा हवा होता, कारण त्याने हेडलाइटमध्ये १००/९० वॅटचे बल्ब टाकले होते. कंपनीचे ६०/५५ चे दोन बल्ब डिपरवर साधारण ९ अँपिअर घेतात, हे त्याच्या दीडपट आणि वर. त्यात समोर एलईडीची पट्टी, गाणी, पंखा. डायनामोवर लिहिलेला आकडा हा जोरात फिरतानाचा असतो. यार्डाबाहेर रांगेत इंजिन नुसतं घुरघुरत असतं तेव्हा त्याच्या निम्माच मिळाला तरी खूप. पण मोठा डायनामो लावायचा तर बॅटरीकडची वायर आणि फ्यूजही त्या मापाचे करावे लागतात, नाहीतर वायर तापते. आम्ही मूळचाच, १२ व्होल्ट ७५ अँपिअरचा घेतला आणि बल्ब उतरवले. दादा अजून कुरकुरतो.

बसवताना मामांनी तीन गोष्टी केल्या, त्या तुम्हीही करून घ्या. पंपात आधी चमचाभर इंजिन ऑइल टाकलं, म्हणजे पहिल्या फेऱ्या कोरड्या होत नाहीत. तेल परतीची रबरी नळी चिरलेली होती, ती नवी घातली. आणि बॅटरी दोन तास चार्जरवर लावली, कारण मेलेली बॅटरी भरायचं काम नव्या डायनामोला पहिल्याच दिवशी दिलं तर तो तापतो. तोवर पेट्यांवरची ताडपत्री सोडून आम्ही फळांना वारा देत बसलो.

एक खबरदारी. चालू गाडीत बॅटरीची वायर काढून "डायनामो चालतोय का" बघणारे अजून भेटतात. करू देऊ नका. व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायोड किंवा इंजिनचा कॉम्प्युटर जाऊ शकतो. बॅटरीवर लावायला साधा मल्टीमीटर पुरतो. आमचं बंद गाडीत १२.५ व्होल्ट आलं, चालू गाडीत १४.२, दिवे आणि पंखा लावून थोडा ॲक्सिलरेटर दिल्यावर १३.९. डायनामोचा जाड बोल्ट आणि बॅटरीचा प्लस यांच्यात लोड असताना ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर वायर किंवा लग (वायरच्या टोकाची कडी) खराब समजा.

मग ब्रेक. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, कडक होईल. तसंच दाबून धरा आणि गाडी चालू करा. पेडल पायाखाली जरासं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर निघू नका.

कोल्हापूर सोडायला एक वाजला. खंबाटकीचा बोगदा संपल्यावर उताराला ते बदनाम एस वळण आलं. भरलेल्या गाडीने तिथे ब्रेकवर पाय ठेवताना दोघेही गप्प होतो. ब्रेक लोण्यासारखा लागला. यार्डात पोचलो तोवर सकाळचा बाजार कधीच उठला होता, माल दुसऱ्या दिवशी गेला, वरच्या थरातल्या दोन पेट्या मऊ पडल्या त्या कमी भावात द्याव्या लागल्या.

परतीला मामांनी सांगितल्याप्रमाणे राधानगरीत बॉनेट उघडलं. नव्या नळीच्या क्लिपखाली तेलाचा एक थेंब जमला होता. स्क्रू अर्धा फेरा आवळला, बोटाने पुसलं, चहा होईपर्यंत थांबून पुन्हा बोट फिरवलं. कोरडं होतं.